समुद्र मोजणाऱ्या यंत्रांची दुखणी



माझं गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. कोकणचा किनारा आमच्या गावापासून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटर दूर. अशा गावातल्या मुलानं समुद्रविज्ञानाच्या उपकरणांच्या दुरुस्तीत तीस वर्षं घालवावीत, याचं गावाला बरंच नवल वाटायचं. सुट्टीत घरी गेलो की आमचे तात्या पारावर सगळ्यांदेखत विचारायचे, "काय रे बाबा, तू समुद्रात करतोस तरी काय? मासे तर धरीत नाहीस." मी म्हणायचो, "तात्या, समुद्राचा ताप बघायची यंत्रं असतात. ती आजारी पडली की मी त्यांच्याकडं बघतो." त्यावर तात्यांनी एकदा निकालच देऊन टाकला, "म्हंजी ढोराच्या डॉक्टरासारखंच की. ढोर काय बोलत न्हाई, आपणच वळखायचं."

उपमा छान होती, पण अर्धीच लागू पडते. ढोर बोलत नाही. यंत्र मात्र सारखं बोलत असतं. जहाजावरून खोल पाण्यात सोडलं जाणारं एक उपकरण तर सेकंदाला चोवीस वेळा बोलतं. आणि आजारी पडलं म्हणून ते बोलायचं थांबत नाही, हीच खरी पंचाईत. पार बंद पडलेलं यंत्र परवडलं. ते बंद आहे हे निदान कळतं. पण चालू राहून किंचित चुकीचं सांगणारं यंत्र फार घातक, कारण त्यानं दिलेला आकडा दिसायला अगदी शहाणासुरता असतो. पाण्याचं तापमान २७.८ अंश असताना ते २८.३ सांगतं. कोण शंका घेणार?

तुम्ही म्हणाल, अर्ध्या अंशानं असं काय बिघडतं? सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती. हिंदी महासागराच्या ज्या भागात पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर जातं, तिथं ढगांच्या मोठ्या राशी उभ्या राहण्याची शक्यता एकदम वाढते. म्हणजे २७.८ आणि २८.३ हे दोन आकडे उंबरठ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहेत. पावसाचे अंदाज बांधणारी संगणकाची गणितं समुद्राच्या याच आकड्यांवर उभी असतात. आमच्याकडं कोरडवाहू रानात सोयाबीन, तूर, कापूस पेरणारा माणूस आभाळाकडं बघतो, पण त्या आभाळाचं भांडवल दूरच्या समुद्रात असतं. तिथं मोजणीत खोट असली तर तिचा हिशेब इथं कुठंतरी निघतो.

सगळ्यात साध्या यंत्रापासून सुरुवात करू. मुंबईला अपोलो बंदरावरच्या समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागराच्या काठावरच्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या नोंदींत त्यांची गणना होते. जुन्या पद्धतीचा भरतीमापक म्हणजे समुद्रातच उभी केलेली एक अरुंद विहीर. तिच्या तळाशी लहानसं भोक ठेवलेलं असतं. भरतीचं पाणी त्या भोकातून सावकाश आत येतं, पण वरच्या लाटांचा खळखळाट आत पोचत नाही. विहिरीत एक तरंगतं भांडं, त्याला तार, तार कप्पीवरून वर गेलेली आणि शेवटी एक पेन्सिल. घड्याळाच्या चावीवर फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असतो, त्यावर ही पेन्सिल दिवसभर रेघ ओढत राहते. मोट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आता याला काय काय होतं पाहा. तळाच्या भोकात गाळ बसतो, शिंपले धरतात. मग पाणी आत यायला उशीर लागतो. कागदावर भरती उशिरा येते आणि बुटकी दिसते. तार कप्पीवर घसरली की रेघ एका रात्रीत पायरीसारखी वर किंवा खाली उडी मारते आणि पुढं आपली नेहमीसारखी चालू लागते. आणि घड्याळ मागं पडलं तर? मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि ओहोटीपासून भरतीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ लागतो. पाणी मध्यावर असताना ते तासाला मीटरभर चढत असतं. अशा वेळी घड्याळ नुसतं दहा मिनिटं मागं असलं तरी पातळीत पंधरा सेंटिमीटरांहून जास्त चूक येते. आणि समुद्राची पातळी वाढते आहे का, हा जो प्रश्न आहे, त्यात मोजायची वाढ असते वर्षाला काही मिलिमीटरांची!

ही दुखणी ओळखायची एक जुनी युक्ती आहे, वान द कास्तील या नावाची. यंत्राशेजारी एक खुणांची पट्टी रोवायची. भरतीपासून ओहोटीपर्यंत आणि परत भरतीपर्यंत, असा सगळा फेरा माणसानं तिथं बसून काढायचा आणि दर थोड्या वेळानं पट्टीवरची पातळी डोळ्यांनी वाचायची. मग यंत्राचा आकडा आणि पट्टीचा आकडा यांतला फरक आडवा मांडायचा, पातळी उभी मांडायची आणि ठिपके जोडायचे. यंत्र निरोगी असेल तर उभी सरळ रेघ येते. रेघ तिरकी आली तर मोजमापाचं प्रमाण चुकलं आहे. आणि अंडाकृती फास तयार झाला, तर वेळ चुकली आहे, कारण पाणी चढताना चूक एका बाजूला पडते आणि उतरताना दुसऱ्या बाजूला. नाडी बघून रोग सांगणाऱ्या वैद्याबद्दल आपण ऐकतो. हे मला तसंच वाटतं. लागते फक्त एक पट्टी आणि दिवसभर उन्हात बसायची तयारी.

वेळेवरून आठवलं. आपल्या देशातलं एक खास दुखणं आहे, साडेपाच तासांचं. समुद्रविज्ञानात जगभर नोंदी ग्रीनिचच्या वेळेनं ठेवायच्या असतात. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढं. कुणी नोंद भारतीय वेळेनं केली आणि वर ग्रीनिच वेळ असा शिक्का मारला, तर काय होतं? भरती-ओहोटीमधलं अंतर सव्वासहा तास, चूक साडेपाच तास. म्हणजे जवळजवळ भरतीच्या जागी ओहोटी आणि ओहोटीच्या जागी भरती! यंत्रात काडीचा बिघाड नाही, आकडे सगळे बरोबर, आणि तरी सगळं उलटं. अशा कागदावर मी कधीकधी दोन-दोन दिवस डोकं खपवलेलं आहे, आणि दुरुस्ती झाली ती स्क्रूड्रायव्हरला हात न लावता.

आता खोल समुद्राकडं वळू. तिथलं मुख्य हत्यार म्हणजे सीटीडी. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली या तीन गोष्टी ते मोजतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. पण हा खारटपणा सरळ मोजता येत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजायचं आणि त्यावरून हिशेबानं क्षार काढायचे. यात गोम अशी की वाहकता नुसत्या मिठावर अवलंबून नसते, तापमानावरही असते. तापमानात एका अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तरी क्षारतेत दुसऱ्या दशांश स्थळावर फरक पडतो. आणि शास्त्रज्ञांना आकडा हवा असतो तिसऱ्या स्थळापर्यंत.

त्यात तापमान मोजणारा संवेदक आणि वाहकता मोजणारी काचेची नळी या दोन वेगळ्या वस्तू. पाण्याचा एकच घोट दोघांपर्यंत पोचतो, पण एकाच क्षणी नाही. एक चटकन सांगतो, दुसरा किंचित मागून. जिथं पाणी खोलीबरोबर झपाट्यानं थंड होत जातं, तिथं हिशेबात एकाचा आत्ताचा आकडा आणि दुसऱ्याचा मघाचा आकडा एकत्र येतात आणि क्षारतेच्या आलेखावर काटे उगवतात. बाभळीच्या फांदीसारखा दिसतो तो आलेख. समुद्रात तसे काटे नसतात. दोन्ही नोंदींपैकी एक सेकंदाच्या काही अंशानं सरकवून दुसरीशी जुळवली की बहुतेक काटे आपोआप गळून पडतात.

दुसरा प्रकार जेलीफिशचा. उपकरण खाली चाललेलं असतं, सगळं सुरळीत, आणि एकाएकी क्षारता धपकन खाली येते. जणू खोल समुद्रात गोड्या पाण्याचा झरा लागला! वाहकतेच्या नळीत बुळबुळीत काहीतरी अडकलेलं असतं. विजेची वाट अडली की यंत्राला वाटतं, मीठ कमी झालं. हवेचा बुडबुडा अडकला तरी हेच. वर्षानुवर्षं पाण्यात राहणाऱ्या उपकरणांत शेवाळ आणि शंखकवड्या नळीचं तोंड हळूहळू लहान करत जातात. तिथं आकडा एकदम पडत नाही, दर महिन्याला थोडाथोडा झिजतो. हे ओळखायला फार कठीण, कारण समुद्रही खरोखर तसा बदलू शकतो. म्हणून जहाजावरच्या उपकरणात एकाच जातीचे दोन-दोन संवेदक बसवतात. दोघांची साक्ष जुळली नाही तर तिसरा साक्षीदार म्हणजे त्याच खोलीवर बाटलीत धरून आणलेलं पाणी. ते प्रयोगशाळेत तपासायचं आणि तपासणाऱ्या यंत्राचं माप लावायचं प्रमाण समुद्रजलावर. हे पाणी काचेच्या बंद कुप्यांतून येतं. पूर्वी ते डेन्मार्कात तयार व्हायचं, म्हणून जुनी मंडळी त्याला बरीच वर्षं कोपनहेगनचं पाणी म्हणत. दुकानातल्या किलोच्या वजनावर सरकारी शिक्का असतो ना, तोच मान त्या कुपीला.

पण यंत्राचं दुखणं दर वेळी यंत्रातच असतं असं नाही. अरबी समुद्रातल्या एका सफरीत असं झालं. रात्रीची वेळ. उपकरण खाली जाताना पडद्यावर आकडे वेड्यासारखे उड्या मारू लागले. वर येताना बाटल्या बंद करायला मध्ये मध्ये थांबलो, तर उड्या बंद. पुन्हा वर ओढू लागलो की पुन्हा नाच. कुणी म्हणे संवेदक गेला, कुणी म्हणे केबलमध्ये पाणी शिरलं. दोघंजण संवेदक बदलायच्या तयारीला लागले होते. आमच्यात वेंगुर्ल्याकडचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते. ते चहाचा पेला हातात घेऊन नुसते बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "यंत्राक काय झालेला नाय. विंच फिरता तेवाच आकडे नाचतत, बघा." आणि तेच होतं. केबल ज्या मोठ्या रिळावर गुंडाळलेली असते, ते रीळ फिरत असताना विजेची जोडणी सांभाळायला त्यात सरकत्या कड्या असतात. त्यांचे ब्रश खराब झाले होते. ब्रश साफ केले आणि उपकरणाला हातही न लावता ते बरं झालं.

त्या माणसाकडून मी शिकलो ते एवढंच, की बिघाड कधी होतो हे आधी बघावं, कुठं झाला ते मागून कळतं. विंच फिरताना होतो का? ठरावीक खोलीच्या खालीच होतो का? मग दाबानं किंवा गारठ्यानं एखादा सांधा सुटतो आहे. डेकवर तपासलं तर तो ठणठणीत निघणार, दवाखान्याच्या दारात पोचल्यावर पोराचा ताप उतरतो तसा. आणि बदलायचं तर एका वेळी एकच वस्तू बदलायची. केबल बदलली आणि दुखणं केबलबरोबर गेलं, तर रोगी सापडला. घाईत चार वस्तू एकदम बदलल्या तर यंत्र चालू होतं, पण कशामुळं बिघडलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या सफरीत तेच पुन्हा समोर येतं. रबराच्या एका कडीवर, ओ-रिंगवर, डोक्याचा एक केस राहिला तरी दोन हजार मीटरवर समुद्र त्या वाटेनं आत येतो. हे ऐकायला गोष्टीतलं वाटतं, पण दुरुस्तीच्या टेबलावर पांढरं कापड अंथरण्याचं कारण तेच.

जहाजावरच्या यंत्राला निदान परत घरी आणता येतं. आर्गो फ्लोटचं तसं नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून जगातल्या देशांनी मिळून ही तरती यंत्रं महासागरांत सोडली आहेत. आज जवळपास चार हजार काम करताहेत. प्रत्येक यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतं आणि तिथून मोजत मोजत वर येऊन उपग्रहाला आकडे देतं. आपल्याकडच्या यंत्रांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत गोळा होते. ही यंत्रं सहसा परत कोणी आणत नाही. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं किंवा जास्त, ती आपली आपण असतात. त्यांची तब्येत फक्त त्यांच्या पत्रांवरून ओळखायची.

पत्र आलं की आधी संगणक त्याची झडती घेतो. तारीख शक्य आहे का? दहा दिवसांत यंत्रानं अशक्य वेगानं अंतर कापलं आहे का? एकच आकडा वरपासून खालपर्यंत अडकून बसलाय का? जड पाणी वर आणि हलकं खाली असं दाखवतोय का? आणि एक चाचणी मला फार आवडते. यंत्राची जागा समुद्रात आहे की जमिनीवर, ही. समजा अरबी समुद्रात १८.९ उत्तर अक्षांश आणि ६७.८ पूर्व रेखांशावर एक यंत्र तरंगतंय, आणि कुठंतरी आकड्यांची अदलाबदल होऊन ६७.८ चं ७६.८ झालं. नकाशा काढून बघा, ते यंत्र थेट आमच्या गंगाखेड तालुक्यात येऊन पडतं! तुरीच्या रानात, दोन हजार मीटर खोल बुडी मारल्याचा दावा करत. संगणक ते पत्र ताबडतोब बाजूला काढतो. पण त्याच अदलाबदलीनं यंत्र समुद्रातच दुसरीकडं गेलं असतं, तर? जमिनीची चाचणी त्याला पकडू शकली नसती. म्हणून एका चाचणीवर कोणी विसंबत नाही, आणि साधारण वर्षभरानं एखादा जाणकार माणूस त्या यंत्राच्या सगळ्या नोंदी समोर घेऊन, शेजारच्या यंत्रांशी आणि खोलवरच्या संथ पाण्याशी ताडून पुन्हा बघतो.

इतकं करूनही फसगत होते. २००६ मध्ये एक शोधनिबंध आला. २००३ ते २००५ या काळात जगातल्या समुद्रांचा वरचा थर थंड झाला, असं त्यात होतं. पृथ्वी तापते आहे असं सगळे सांगत असताना समुद्र थंड! मोठी खळबळ उडाली. त्या निबंधाच्या लेखकांपैकीच एक, जॉश विलिस, नंतर आपल्याच आकड्यांच्या मागं लागले. निघालं ते असं की काही आर्गो यंत्रांत तापमान बरोबर मोजलं जात होतं, पण ते चुकीच्या खोलीच्या नावावर लिहिलं जात होतं. दुसरीकडं जहाजांवरून टाकायच्या एक्सबीटी नावाच्या एकदा वापरून फेकायच्या तापमापकांचे आकडे थोडे जास्त येत होते. एक्सबीटीत खोली मोजायचं साधनच नसतं. पाण्यात पडल्यापासून किती सेकंद झाले यावरून खोली ठरवायची. पडण्याचा वेग मानला त्याहून थोडा निराळा असला की सगळं गणित सरकतं. १९९५ मध्येच शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं की जुन्या सूत्रानं आलेली खोली १.०३३६ नं गुणावी. एका बाजूला जास्त दाखवणारी जुनी यंत्रं कमी होत होती आणि दुसऱ्या बाजूला कमी दाखवणारी नवी वाढत होती. मधल्या मध्ये समुद्र थंड झाल्यासारखा दिसला. २००७ मध्ये दुरुस्ती जाहीर झाली आणि थंडावा नाहीसा झाला. स्वतःच्या गाजलेल्या निबंधाची स्वतःच चिरफाड करायची याला हिंमत लागते. मला तरी त्या आकड्यांपेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं.

असलाच प्रकार फार पूर्वीच्या नोंदींतही सापडला. १९४५ च्या सुमारास समुद्राचं तापमान एकदम सुमारे ०.३ अंशानं उतरल्यासारखं दिसतं. २००८ मध्ये उलगडा झाला. युद्धकाळात बऱ्याच नोंदी अमेरिकी जहाजांनी इंजिनात घेतलेल्या पाण्यावरून केल्या होत्या. ते पाणी थोडं गरम असायचं. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या आणि ते पाणी बादलीनं वर काढत. बादलीतलं पाणी वाऱ्यावर गार व्हायचं. बदलली होती ती बादली!

आणखी एक भानगड २००९ च्या सुरुवातीला उघडकीस आली. आर्गोच्या काही दाबमापकांत सूक्ष्म गळती होती. यंत्र पृष्ठभागावर आलं की पाण्याचा दाब शून्य असायला हवा. गळतीमुळं तो हळूहळू शून्याच्या खाली दिसू लागायचा. खरं तर हीच खूण होती, रोग इथंच पकडता आला असता. पण काही यंत्रांत अशी सोय करून ठेवलेली होती की पृष्ठभागावरचा दाब शून्याच्या खाली आला तर तो शून्यच धरायचा. कुणाला तरी वाटलं असेल, ऋण दाब म्हणजे काय भलतंच! ती सोय झाली आणि त्या यंत्रांच्या दुखण्यावर पांघरूण पडलं. काही काळ नवी यंत्रं सोडणंच थांबवावं लागलं होतं. विचित्र आकडा सुधारून सोज्वळ करून ठेवणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो, तो यासाठी.

कारण विचित्र आकडा दर वेळी खोटा नसतो. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर या फलाटावर खाली रोखलेल्या लेझरनं २५.६ मीटर उंचीची एक लाट नोंदवली. शेजारच्या लाटांच्या मानानं ती दुप्पटीहून उंच. खलाशी अशा लाटांच्या गोष्टी सांगत, पण त्यांवर विश्वास बसत नसे. आकडा बाद झाला असता, पण फलाटाच्या खालच्या बाजूला किरकोळ मोडतोड झालेली सापडली. लाट खरी होती. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा आपल्या किनाऱ्यांवरच्या भरतीमापकांतही रेघ अशीच वेडीवाकडी झाली. काटे छाटणारी डोळे मिटून चालणारी चाळणी लावली असती तर त्या रेघेतली माहितीच निघून गेली असती.

आणि बंगालचा उपसागर तर अशा विचित्रपणाचं घरच आहे. पाणी जसजसं खोल जावं तसतसं थंड व्हावं, हा साधा नियम. पण उत्तर उपसागरात हिवाळ्यात वर थंड पाणी आणि त्याच्या खाली गरम पाणी, असं पुष्कळदा सापडतं. नवखा माणूस म्हणणार, संवेदक बिघडला. तसं नसतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी वर पसरलेलं असतं. पावसाळ्यानंतर तिथल्या वरच्या थराची क्षारता ३० च्याही खाली जाते. हे पाणी गोडं म्हणून इतकं हलकं, की थंड झालं तरी बुडत नाही. क्षारता तपासली की सगळा हिशेब जुळतो. आमच्या शिवारात पडलेलं पाणी ओढ्या-नाल्यांतून शेवटी गोदावरीलाच जातं. तेव्हा समुद्रातल्या या चमत्कारात राणीसावरगावचाही थेंबभर वाटा आहे, असं मी गावात सांगत असतो.

मग संशयास्पद आकड्याचं करायचं काय? खोडायचा नाही. आर्गोत प्रत्येक आकड्याशेजारी एक खूण लिहितात. १ म्हणजे चांगला, २ म्हणजे बहुधा चांगला, ३ म्हणजे बहुधा वाईट, ४ म्हणजे वाईट. मूळ आकडा तिथंच राहतो, दुरुस्त आकडा वेगळ्या रकान्यात. आपल्याला हे नवं नाही. सातबाऱ्यावर वारसाची नोंद झाली की जुन्या नावाला कंस होतो, नाव पुसलं जात नाही. फेरफाराचा नंबर बघून मागचा सगळा इतिहास काढता येतो. मूळ आकडे ठेवलेले होते म्हणून तर एक्सबीटीचा जुना हिशेब इतक्या वर्षांनी नव्यानं करता आला.

समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या केंद्रांचं दुखणं निराळंच आहे. ती चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं उभी केली. समुद्रात कुठलीही वस्तू तरंगत राहिली की तिच्या सावलीला मासे जमतात. मासे जमले की होड्या येतात, त्याच केंद्राला बांधल्या जातात, जाळी आणि गळ तारांत अडकतात, कधी सौरपट्ट्याही जातात. अशा वेळी वाऱ्याचा वेग एकाएकी शून्य येतो किंवा सगळं केंद्रच गप्प होतं. यावर स्क्रूड्रायव्हर चालत नाही. बंदरावर जाऊन मच्छीमारांशी बोलावं लागतं, की बाबांनो, वादळाची सूचना तुम्हालाच मिळायची आहे, ती याच केंद्राच्या आकड्यांवरून.

आता समुद्र सोडून थोडं आपल्याकडच्या यंत्राबद्दल बोलतो, कारण दुखणी तीच आहेत. गेल्या काही वर्षांत महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रं आली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे आज शेतकऱ्याच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. नुकसानीचा सगळा वाद त्या एका आकड्यावर येऊन ठेपतो. यातल्या पर्जन्यमापकात शिसॉच्या झोक्यासारखी एक जोडवाटी असते. एक बाजू भरली की ती कलंडते आणि दुसरी पुढं येते. किती वेळा कलंडली ते यंत्र मोजतं. वरच्या नरसाळ्यात लिंबाचा पाला पडतो, चिमण्यांची घाण पडते, आत कोळी जाळं विणतो. मग पाऊस पडून गेल्यावरही तासन्‌तास पाणी ठिबकत राहतं आणि नोंद दिसते ती बारीक रिमझिमीची. वाटी कलंडत असतानाच्या क्षणात पडलेलं पाणी हिशेबात येत नाही. रिमझिमीत हे किरकोळ, पण पाऊस धो-धो असेल तर वाटी सारखी कलंडते आणि मोजणी कमी भरते. दुरुस्तीचं सूत्र लावलेलं नसेल तर ज्या पावसासाठी हा आकडा हवा, नेमका तोच पाऊस कमी दिसतो.

संशय आला तर आजूबाजूच्या चार केंद्रांच्या पावसाची सरासरी घ्यावी, तिची महिन्यामागून महिना बेरीज करत जावी, आणि तिच्यासमोर आपल्या केंद्राची बेरीज मांडावी. ठिपके बहुतेक एका रेषेत पडतात. रेषा जिथं मोडते, त्या महिन्यात काय झालं ते शोधायचं. केंद्राची जागा हलली का, शेजारचं झाड वाढलं का, की यंत्र बदललं?

सरकारी केंद्राला मात्र आपण हात लावू नये, ते बघायला माणसं नेमलेली असतात. पण शाळेत पर्जन्यमापक असेल, तर मुलांकडून एक तपासणी जरूर करून घ्यावी. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर वीस मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, आणि एक लिटर म्हणजे ५० मिलिमीटर. बरोबर एक लिटर पाणी मोजून घ्यायचं, डब्याला खिळ्यानं बारीक भोक पाडून ते नरसाळ्यात ठिबकत सोडायचं आणि यंत्र किती दाखवतं ते वहीत तारीख घालून लिहायचं. घाई मात्र करायची नाही. निदान तासभर लागला पाहिजे, एकदम ओतलं तर वाटी गडबडते आणि कमी मोजते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)